ग्राहकांचे अभिप्राय आणि ‘लीन’ कार्यसंस्कृती : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

वाणिज्य व व्यवस्थापन शाखांच्या अभ्यासक्रमात गेल्या दोन-तीन दशकांपासून ‘लीन’ ही संज्ञा स्थिरावली आहे. उत्पादनातील प्रत्येक प्रकारचा अपव्यय शोधून काढणे, तो टप्प्याटप्प्याने कमी करणे आणि ग्राहकाला जे खरोखर हवे आहे तेवढेच, हवे तेव्हा निर्माण करणे, असा या विचाराचा थोडक्यात आशय आहे. या विचाराला जोडूनच ग्राहकांचे अभिप्राय नियमितपणे गोळा केले असता संस्थेत लीन संस्कृती रुजण्यास मदत होते, असे प्रतिपादन पाठ्यपुस्तकांतून, कार्यशाळांतून आणि औद्योगिक सल्लागारांच्या सादरीकरणांतून सातत्याने केले जाते. हे प्रतिपादन चुकीचे नाही. मात्र ते अपुरे आहे. अभिप्राय कोणाचा घ्यावयाचा, तो कोणी वाहून आणावयाचा, त्याचा अर्थ कोणी लावावयाचा आणि त्यानुसार काम थांबविण्याचा अधिकार कोणाला असावा, या चार प्रश्नांची उत्तरे दिल्याखेरीज हे विधान केवळ सदिच्छा ठरते.

लीन विचाराची चर्चा बहुधा जपानी व अमेरिकी उदाहरणांच्या आधारे होते. वस्तुतः सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत गेल्या सव्वाशे वर्षांत घडलेले काही प्रसंग या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलके आहेत. किर्लोस्करवाडीचा लोखंडी नांगर, तो खेडोपाडी पोहोचविणारे फिरते विक्रेते, ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक आणि तासगाव परिसरातील निर्यातक्षम द्राक्षे ही त्यांपैकी प्रमुख होत. प्रस्तुत लेखात या उदाहरणांच्या आधारे उपरोक्त प्रतिपादनाची चिकित्सा करण्यात आली आहे.

संकल्पनेची पार्श्वभूमी

‘लीन’ हे विशेषण उत्पादनपद्धतीला प्रथम १९८८ मध्ये जॉन क्राफ्चिक यांनी आपल्या लेखात लावले. १९९० मध्ये जेम्स वोमॅक, डॅनियल जोन्स व डॅनियल रूस यांच्या ‘द मशीन दॅट चेंज्ड द वर्ल्ड’ या ग्रंथाने ते जगभर नेले. वोमॅक व जोन्स यांनी १९९६ मध्ये ‘लीन थिंकिंग’ या पुस्तकात पाच तत्त्वे मांडली : मूल्य निश्चित करणे, मूल्याचा प्रवाह ओळखणे, तो अखंड ठेवणे, मागणीच्या ओढीनुसार उत्पादन करणे आणि परिपूर्णतेचा ध्यास घेणे. यांपैकी पहिले तत्त्व पायाभूत आहे, कारण मूल्य ठरविण्याचा अधिकार ते ग्राहकाकडे सोपवते. टोयोटाचे ताइइची ओहनो यांनी सांगितलेले अपव्ययाचे सात प्रकार, म्हणजे अतिउत्पादन, प्रतीक्षा, अनावश्यक वाहतूक, अनावश्यक प्रक्रिया, साठा, अनावश्यक हालचाल आणि सदोष माल, हेही अखेर याच कसोटीवर ठरतात. ज्या कामासाठी ग्राहक पैसे मोजण्यास तयार नाही, ते काम अपव्ययाच्या खात्यात जमा होते.

मराठीत या विषयाची चर्चा करताना दोन शब्दांतील भेद उपयोगी पडतो. ‘अभिप्राय’ म्हणजे एखाद्या गोष्टीविषयी व्यक्त केलेले मत. शिक्षणशास्त्रात रूढ असलेला ‘प्रत्याभरण’ हा शब्द मात्र त्याहून अधिक काही सांगतो. कृतीच्या परिणामाची माहिती पुन्हा कृतीच्या मुळाशी येते आणि पुढील कृती बदलते, तेव्हाच प्रत्याभरण झाले असे म्हणता येते. वहीत नोंदलेला अभिप्राय जोपर्यंत कामाची पद्धत बदलत नाही, तोपर्यंत तो केवळ अभिप्रायच राहतो. बहुतेक संस्थांतील व्यवस्था अभिप्रायापाशी थांबते आणि तिला प्रत्याभरणाचे नाव दिले जाते. या विषयातील गोंधळाचे हे मूळ आहे.

मराठीत ‘लीन’ या शब्दाला नम्र असाही अर्थ आहे. इंग्रजी संज्ञेशी त्याचा संबंध नाही, हा केवळ उच्चारसाम्याचा योगायोग आहे. तरीही ज्या संस्थेला ग्राहकाकडून शिकावयाचे आहे तिच्यापाशी नम्रता असावी लागते, याचे स्मरण हा शब्द मराठी वाचकाला करून देतो.

लोखंडी नांगर आणि शेतकऱ्याचा नकार

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील नोकरी सोडून बेळगावात व्यवसाय सुरू केला. सायकलींच्या दुकानापासून कडबा कापण्याच्या यंत्रापर्यंत आणि तेथून लोखंडी नांगरापर्यंत त्यांचा प्रवास झाला. पुढे बेळगावातील जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची जागा देऊ केली. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. आज औंध सातारा जिल्ह्यात, तर किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. मात्र त्या काळी सांगली जिल्हा अस्तित्वातच नव्हता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा या नावाने तो निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणूनच या परिसराचा औद्योगिक इतिहास दोन जिल्ह्यांत विभागून पाहता येत नाही.

लोखंडी नांगराला आरंभी ग्राहक मिळाला नाही. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, हे किर्लोस्कर उद्योगाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. उद्योजकाच्या चिकाटीचे उदाहरण म्हणून हा प्रसंग नेहमी सांगितला जातो. तथापि अभिप्रायाच्या दृष्टीने पाहिले असता त्यातून वेगळे प्रश्न निर्माण होतात.

पहिला प्रश्न असा की, या ठिकाणी ग्राहकाचा अभिप्राय कोणता मानावयाचा? अल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असमाधानी ग्राहकापुढील दोन मार्ग सांगितले आहेत : एक, काही न बोलता निघून जाणे आणि दुसरा, तक्रार करणे. अभिप्रायाचे छापील नमुने फक्त दुसऱ्या मार्गाची नोंद घेतात. नांगर न घेणाऱ्या शेतकऱ्याने कोणताही नमुना भरला नसता, कारण तो ग्राहक झालेलाच नव्हता. त्याचा नकार हाच सर्वांत महत्त्वाचा अभिप्राय होता आणि तो विक्री न झालेल्या मालाच्या रूपाने कारखान्याच्या आवारात उभा होता. लीनच्या परिभाषेत हा ‘साठा’ होय. साठ्याला अपव्यय म्हणून केवळ नावे ठेवून भागत नाही. साठा हा न बोलणाऱ्या ग्राहकाचा निरोप असतो आणि तो वाचावा लागतो.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. लोखंडाने जमीन विषारी होते, हे शेतकऱ्याचे विधान वस्तुस्थितीला धरून नव्हते. मूल्य ग्राहकच ठरवतो हे तत्त्व अक्षरशः पाळावयाचे तर लक्ष्मणरावांनी लाकडी नांगर बनवावयास हवे होते. उलट शेतकऱ्याला अडाणी ठरवून त्याचे म्हणणे सोडून दिले असते, तर नांगर कायम आवारातच राहिले असते. या दोहोंपलीकडचा मार्ग म्हणजे विधानामागील भीती ओळखणे. कोरडवाहू शेतकऱ्याची सारी मालमत्ता म्हणजे त्याची जमीन. तिच्यावर अपरिचित अवजाराचा प्रयोग करण्याची जोखीम सर्वस्वी त्याची होती. नांगर बनविणाऱ्याचे त्यात काही जाणार नव्हते. शेतकरी ‘विष’ म्हणत होता, त्याचा अर्थ ‘ही जोखीम पेलणारी नाही’ असा लावता येतो. अशा शंकेचे निरसन छापील पत्रकाने होत नाही. शेजारच्या रानात नांगर प्रत्यक्ष चाललेला पाहून, हरळी-कुंद्याच्या मुळ्या उलथून वर आलेल्या पाहून आणि पुढच्या हंगामात पीक नेहमीसारखे उभे राहिलेले पाहूनच ते होऊ शकते.

यावरून असा निष्कर्ष निघतो की, ग्राहकाचा अभिप्राय ही आज्ञा नव्हे. ते लक्षण आहे. रुग्णाने सांगितलेल्या दुखण्यावरून वैद्य निदान करतो, पण औषध रुग्णाच्या सांगण्यावरून ठरवत नाही आणि दुखणे खोटे आहे असेही म्हणत नाही. लीनविषयक लोकप्रिय साहित्यात अभिप्राय आणि निदान यांतील हे अंतर पुष्कळदा पुसले जाते. गुण देऊन सरासरी काढली की मूल्य समजले, अशी समजूत होते. जपानी अभ्यासक नोरिआकी कानो यांनी १९८४ मध्येच दाखवून दिले होते की, वस्तूचे काही गुण ग्राहक इतके गृहीत धरतो की ते असताना त्यांचा उल्लेखही करत नाही. ते नसतील तरच त्याचा रोष प्रकट होतो. अशा गुणांविषयी प्रश्नावलीतून काहीच कळत नाही. ज्यांच्या अभावी सर्वाधिक हानी होते, नेमके तेच गुण अभिप्रायाच्या तक्त्यात दिसत नाहीत.

अभिप्राय वाहून आणणारी माणसे

कारखाना आणि शेत यांच्यातील अंतर मोठे असते. ते कोण भरून काढतो, यावर अभिप्रायाची प्रत अवलंबून असते. किर्लोस्करवाडीच्या प्रारंभीच्या काळात हे काम बऱ्याच अंशी फिरत्या विक्रेत्यांनी केले. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांनी पूर्वायुष्यात किर्लोस्करांच्या कारखान्यासाठी, तसेच कराडजवळील ओगले काच कारखान्यासाठी आणि साताऱ्यातील धनजीशा कूपर यांच्या नांगर कारखान्यासाठी काम केले होते, ही बाब या संदर्भात महत्त्वाची आहे. भाऊरावांच्या चरित्रात या काळाचा उल्लेख बहुधा उदरनिर्वाहाची नोकरी म्हणून येतो. प्रत्यक्षात विक्रीच्या निमित्ताने झालेल्या भ्रमंतीतून त्यांना ग्रामीण बहुजन समाजाचे जवळून दर्शन घडले. १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले.

भाऊरावांचे शैक्षणिक कार्य नांगरविक्रीतून जन्मले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि गावोगाव फिरणारा विक्रेता केवळ माल खपवत नाही, तो परिस्थितीही वाचतो, हे त्यावरून निश्चित दिसते. त्याला ग्राहकाचे घर, त्याची बैलजोडी, त्याच्यावरील कर्ज आणि शाळेत न जाणारी मुले हे सारे एकत्र दिसते. छापील नमुन्यातील पाच पर्यायांत यातील काहीही बसत नाही. टोयोटाच्या परंपरेत ‘जागेवर जाऊन प्रत्यक्ष पाहणे’ हे तत्त्व सांगितले जाते. या परिसरातील विक्रेते व कारागीर ते तत्त्वाचे नाव न घेता आचरीत होते. फिरतीचा खर्च वाचवून त्या जागी दूरध्वनीवरील पाहणी किंवा संगणकीय नमुना आणला, तर खर्च कमी होतो हे खरे. परंतु त्यामुळे अपव्यय कमी झाला की पाहण्याची शक्तीच कमी झाली, याचा विचार क्वचितच होतो.

दुसरे साधन ‘किर्लोस्कर खबर’चे. शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली १९२० मध्ये सुरू झालेल्या या नियतकालिकाचा मूळ हेतू कारखान्याच्या मालाची व वाडीतील घडामोडींची माहिती ग्राहकांपर्यंत, विक्रेत्यांपर्यंत आणि हितचिंतकांपर्यंत पोहोचविणे हा होता. नांगर बनविणाऱ्या कारखान्याने खेड्यातील ग्राहकाला वाचक मानावे, ही त्या काळी असामान्य गोष्ट होती. पुढे ‘खबर’ हा शब्द गळून ते ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि १९३० मध्ये ‘स्त्री’ व त्यानंतर ‘मनोहर’ या भावंडांसह मराठी मध्यमवर्गाच्या वैचारिक जीवनाचा भाग बनले. मराठी वाङ्मयाच्या दृष्टीने हा विकास अभिनंदनीय आहे. व्यवस्थापनाच्या दृष्टीने मात्र त्यात एक विचार करण्यासारखी बाब आहे. कारखाना आणि ग्राहक यांच्यातील दुवा म्हणून निघालेले साधन यशस्वी होत गेले, तसतसे ते स्वतंत्र संस्था बनले. त्याचा वाचक आणि नांगराचा ग्राहक हे एकच राहिले नाहीत. संवादाचे माध्यम बहरले म्हणजे संवादाचा मूळ हेतूही साधत राहिला, असे गृहीत धरता येत नाही. आज अनेक उद्योगांची ग्राहकपत्रिका किंवा ग्राहक मेळावा हा प्रसिद्धीचा भाग होतो, त्याचे मूळही याच प्रक्रियेत शोधता येते.

तासगावची द्राक्षे आणि उशिरा आलेला निरोप

नांगराच्या उदाहरणात ग्राहक दुर्बल आणि उत्पादक तुलनेने समर्थ होता. द्राक्षांच्या निर्यातीत हे नाते उलटे आहे. तासगाव, मिरज, पलूस, खानापूर या तालुक्यांतील बागायतदार अल्पभूधारक आहेत, तर त्यांचा ग्राहक युरोपातील मोठ्या दुकानांची साखळी आहे. अभिप्रायाची सर्व सूत्रे ग्राहकाच्या हाती असली म्हणजे काय होते, हे या व्यवसायाने अनुभवले आहे.

युरोपीय बाजारपेठेत कीडनाशकांच्या अंशाविषयी आक्षेप निघाल्यानंतर २००३-०४ पासून निर्यातीच्या द्राक्षांसाठी उर्वरित अंश तपासणीची राष्ट्रीय योजना राबविण्यात आली. २००६ मध्ये ‘अपेडा’ने ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय मागोवा-प्रणाली सुरू केली. बागेची कृषी विभागाकडे नोंदणी, तिला मिळणारा क्रमांक, प्रयोगशाळेने घेतलेला नमुना, त्याचा निकाल आणि पेट्यांवरील खूण ही सर्व माहिती त्यामुळे एका सूत्रात आली. युरोपातील दुकानात एखादी पेटी सदोष आढळली, तर ती कोणत्या गावच्या कोणत्या बागेतून आली याचा शोध घेता येऊ लागला. अभिप्रायाला पत्ता मिळाला. पत्ता नसलेली तक्रार सर्वांची असते आणि म्हणून कोणाचीच नसते. या दृष्टीने ग्रेपनेट हे प्रत्याभरणाचे चांगले उदाहरण ठरते.

तथापि २०१० च्या हंगामात या व्यवस्थेची मर्यादाही उघड झाली. क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश आढळल्यामुळे भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले आणि नाशिक-सांगली भागातील उत्पादक व निर्यातदारांना मोठा आर्थिक फटका बसला. वेलीची शाकीय वाढ रोखून घडनिर्मितीला चालना देण्यासाठी हे रसायन खरड छाटणीनंतर वापरले जात असे. फळ काढणीला येते ते त्यानंतर दहा-अकरा महिन्यांनी. देशातील तपासणीच्या यादीत या रसायनाचा तेव्हा समावेश नव्हता. बागायतदाराने सांगितलेल्या चाचण्या पार केल्या होत्या. चूक होती ती काय तपासावयाचे हे ठरविणाऱ्या यादीत.

या प्रसंगाचे लीनच्या परिभाषेत विश्लेषण केले असता तीन गोष्टी दिसतात. एक, रसायनाचा अंश नसणे हा कानो यांच्या अर्थाने गृहीत गुण होता. ग्राहकाने त्याची वेगळी मागणी नोंदविण्याची वाट पाहणे हीच चूक होती. दोन, अभिप्राय अखेरच्या टप्प्यावर आला. एप्रिलमधील फवारणीविषयीचा निरोप पुढच्या वर्षीच्या हंगामात हाती पडणार असेल, तर तो कितीही अचूक असला तरी त्या पिकापुरता निरुपयोगी असतो. टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसताच कामगार दोरी ओढून सूचना देतो, जेणेकरून दोष पुढच्या टप्प्यावर जाऊ नये. द्राक्षांच्या साखळीत अशी दोरी युरोपच्या बंदरात होती आणि ती ओढली तेव्हा माल काढून, निवडून, पेटीत भरून, थंड करून समुद्रापार गेलेला होता. तीन, अपव्ययाचा भार सर्वांत दुर्बल घटकावर येऊन पडला. माल नाकारला गेला तरी दुकानाचे फळे ठेवण्याचे फळे फार काळ रिकामे राहत नाही, दुसऱ्या देशाची द्राक्षे तेथे येतात. बागायतदाराचा मात्र वर्षभराचा खर्च आणि बँकेचे कर्ज तसेच राहते.

मिरज, कुपवाड व सातारा येथील औद्योगिक वसाहतींतील लहान कारखान्यांच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडते. मोठा कारखाना ‘हवे तेव्हा, हवे तेवढेच’ या नियमाने सुटे भाग मागवतो, तेव्हा त्याच्या आवारातील साठा नाहीसा होतो. परंतु वेळेवर माल न पोहोचल्यास होणाऱ्या दंडाच्या भीतीने तोच साठा लहान पुरवठादाराच्या शेडमध्ये उभा राहतो. अशा स्थितीत अपव्यय कमी झालेला नसतो, तो केवळ एका खातेवहीतून दुसऱ्या खातेवहीत गेलेला असतो. पुरवठादाराला मिळणारा ‘अभिप्राय’ही बहुधा नाकारलेल्या नगांच्या चिठ्ठीच्या रूपाने येतो. त्यात संख्या असते, कारण नसते. कारणाशिवाय आलेला नकार हे शिक्षेचे साधन होऊ शकते, शिकण्याचे नव्हे.

उगमस्थानाचा अनुभव

लीन विचाराचे उगमस्थान मानल्या जाणाऱ्या टोयोटालाही ही अडचण चुकली नाही. साकिची टोयोडा (१८६७–१९३०) हे लक्ष्मणराव किर्लोस्करांचे समकालीन. एकाने माग सुधारला, दुसऱ्याने नांगर. साकिचींच्या १९२४ च्या स्वयंचलित मागात धागा तुटताच माग आपोआप थांबत असे आणि दोष दिसताच थांबण्याचे हेच तत्त्व पुढे मोटारनिर्मितीत आले. या दोन घराण्यांची भेट पुढे औद्योगिक भागीदारीतूनही झाली. किर्लोस्कर घराण्यातील चौथ्या पिढीचे विक्रम किर्लोस्कर यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर ही कंपनी स्थापन झाली आणि बंगळूरजवळील बिडदी येथे तिचा कारखाना उभा राहिला.

२००९-१० मध्ये मोटार अनपेक्षितपणे वेग घेत असल्याच्या तक्रारींमुळे टोयोटाला जगभरातून लक्षावधी मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. फेब्रुवारी २०१० मध्ये साकिचींचे पणतू अकिओ टोयोडा यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे दिलेल्या निवेदनात, कंपनीची वाढ अतिवेगाने झाली आणि ग्राहकांचे म्हणणे ऐकून वस्तू सुधारण्याची मूळ भूमिका काहीशी दुर्बल झाली, अशी कबुली दिली. सुरक्षिततेविषयी ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल २०१४ मध्ये कंपनीने अमेरिकी न्याय विभागाशी १२० कोटी डॉलर भरण्याची तडजोड केली. ग्राहकांच्या तक्रारी नोंदवून घेणारी यंत्रणा कंपनीपाशी नव्हती, असे कोणी म्हणणार नाही. तक्रारी येत होत्या. परंतु वाढीचा वेग थांबवून त्यांचा विचार करण्याची सवड व वृत्ती कमी झाली होती. साकिचींचा माग एक धागा तुटताच थांबत असे. कंपनी मात्र तितक्या तत्परतेने थांबली नाही. लीन संस्कृती एकदा मिळवून कायम टिकणारी मालमत्ता नाही, हे या प्रसंगाने सिद्ध केले.

महाविद्यालयीन व्यवस्थेतील अभिप्राय

या चर्चेचा संबंध केवळ कारखान्यांशी नाही. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या २०१७ मधील सुधारित आराखड्यात विद्यार्थी, शिक्षक, माजी विद्यार्थी व नोकरी देणारे घटक यांच्याकडून अभिप्राय घेणे, त्यांचे विश्लेषण करणे, त्यावर कार्यवाही करणे आणि ती संकेतस्थळावर प्रसिद्ध करणे यांना स्वतंत्र गुण ठेवण्यात आले. हेतू निःसंशय चांगला होता. परंतु कार्यवाहीलाच गुण असल्यामुळे कार्यवाहीचा अहवाल हे अभिप्रायाचे अंतिम उत्पादन होण्याचा धोकाही त्यात होता. मूल्यांकनाचे वर्ष जवळ आले की नमुने भरून घेतले जातात, आलेख काढले जातात, फाईल तयार होते. ओहनो यांच्या यादीतील ‘अनावश्यक प्रक्रिया’ या अपव्ययाचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही. अपव्यय शोधण्यासाठी आणलेले साधनच अपव्ययाचे रूप घेते.

शिवाय विद्यार्थ्याला ‘ग्राहक’ मानावे काय, हा मूलभूत प्रश्न येथे उपस्थित होतो. दुष्काळी पट्ट्यातील आटपाडी, जत किंवा माण तालुक्यातून आलेला प्रथम पिढीचा विद्यार्थी शिक्षकाविषयी प्रतिकूल मत लिहून देण्यास सहसा धजत नाही. त्याच्या नमुन्यातील ‘उत्तम’ या शेऱ्याचा अर्थ पुष्कळदा ‘तक्रार करण्याची सोय नाही’ एवढाच असतो. त्याचे वर्गातून हळूहळू नाहीसे होणे, हा हिर्शमन यांच्या अर्थाने त्याचा खरा अभिप्राय होय. हजेरीपटावर तो रोज उमटत असतो. अभिप्रायाच्या फाईलमध्ये तो कधीच येत नाही. लोखंडी नांगर न घेणारा शेतकरी आणि तासाला न येणारा विद्यार्थी यांच्यात या दृष्टीने साम्य आहे. दोघांनाही अडाणी किंवा आळशी ठरविणे सोपे असते. दोघांच्या अनुपस्थितीचे कारण शोधणे कष्टाचे असते. भाऊराव पाटलांनी शाळेत न आलेल्या मुलाला दोष दिला नाही. तो ज्या कारणांनी येऊ शकत नव्हता ती कारणे पाहून वसतिगृह काढले आणि ‘कमवा व शिका’ योजना आणली. शिक्षणक्षेत्रातील प्रत्याभरणाचे सातारा जिल्ह्याने दिलेले हे उदाहरण आजही पुरेसे अभ्यासले गेलेले नाही.

त्याचबरोबर अभिप्रायाचा उपयोग व्यक्तीवर दोषारोप करण्यासाठी झाला तर काय घडते, याचीही दखल घ्यावयास हवी. ज्या कारखान्यात दोष दाखविणाऱ्या कामगाराला शिक्षा होते, तेथे दोष लपविले जातात. ज्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांचे गुणांकन थेट शिक्षकाच्या वेतनवाढीशी किंवा नेमणुकीशी जोडले जाते, तेथे कठीण भाग टाळून सोपे शिकविण्याकडे आणि सढळ हाताने गुण देण्याकडे कल वाढणे स्वाभाविक आहे. घड्याळी तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकाच्या बाबतीत हा धोका सर्वाधिक आहे, कारण द्राक्ष बागायतदाराप्रमाणे त्याच्याही पदरी जोखीम आहे, अधिकार नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून ग्राहकांचे अभिप्राय लीन संस्कृतीला उपकारक ठरतात ते काही अटींवर, असे म्हणता येते. पहिली अट, बोलणाऱ्या ग्राहकाइतकीच न बोलणाऱ्याची आणि न आलेल्याची नोंद घेतली गेली पाहिजे. पडून राहिलेला माल, रिकामे बाक, थांबलेली मागणी यांना अभिप्रायाचा दर्जा मिळाला पाहिजे. दुसरी, अभिप्राय हे लक्षण मानून त्यामागील कारणाचा शोध प्रत्यक्ष जागेवर जाऊन घेतला पाहिजे. त्याचे आंधळे पालन किंवा उपेक्षा ही दोन्ही टोके टाळली पाहिजेत. तिसरी, अभिप्राय जेथे दुरुस्ती शक्य आहे त्या टप्प्यावर आणि त्या वेळी पोहोचला पाहिजे, आणि तेथे काम करणाऱ्याला काम थांबविण्याचा अधिकार असला पाहिजे. चौथी अट न्यायाची आहे. अभिप्रायामुळे उघड झालेल्या अपव्ययाची किंमत साखळीतील सर्वांत दुर्बल घटकाच्या माथी मारली जात असेल, तर त्या व्यवस्थेला लीन म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग ठरतो.

लीनविषयक प्रचलित साहित्यात पहिल्या तीन अटींचा कमी-अधिक विचार झालेला आढळतो. चौथ्या अटीविषयी मात्र ते बहुतांशी मौन बाळगते. अपव्यय मोजण्याची एकके त्यात आहेत; तो अपव्यय कोणी सोसला याचा रकाना त्यात नाही. सातारा-सांगली परिसरातील अध्यापकांना हा रकाना भरण्याची संधी आहे. द्राक्ष बागायतदार, ओतशाळांचे चालक, दूध संकलन केंद्रे आणि स्वतःची महाविद्यालये ही त्यांची अभ्याससामग्री हाताशी आहे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून केवळ ग्राहक समाधानाची टक्केवारी काढण्याऐवजी एखाद्या तक्रारीचा आरंभापासून अखेरपर्यंत मागोवा घेतला गेला, ती कोठे पोहोचली, कोठे अडली आणि तिची किंमत कोणी मोजली हे नोंदविले गेले, तर या विषयाच्या अध्यापनाला स्थानिक आधार मिळेल आणि पाठ्यपुस्तकातील तत्त्वांची खरी कसोटीही लागेल.